मी खुर्चीत नसताना दिलेला इशारा

चकवा, पांढऱ्या साडीतली बाई, मागून येणारी हाक... असे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. माझं मत विचाराल तर लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना अपचन झालेलं असतं आणि उरलेल्यांना कुणीतरी आपल्याकडं बघावं असं वाटत असतं. मलाही कुणी यातच धरलं तर माझी तक्रार नाही.

२००७ साल. धारवाड, मळमड्डी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, रस्त्यावर कन्नड — आणि तिन्ही भाषांत मी गप्प. बोलायचे ते फक्त एका ऑनलाइन गेममध्ये, तेही टाइप करून. गेम अंतराळातला. खनिज घेऊन जाणाऱ्या नवख्यांना लुटणारे चाचे असायचे, आणि आमची पाच जणांची टोळी त्या चाच्यांची शिकार करायची. म्होरक्या अण्णा. हुबळीला दाजीबानपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. बाकी तिघं नवनगरचे, इंजिनिअरिंगला. माझं गेममधलं नाव काजवा. मी मुलगा आहे असं त्यांनी धरून टाकलं होतं, मी ते खोडलं नाही.

माझं काम टेहळणीचं. त्या भागात कोण कोण आहे याची यादी स्क्रीनच्या कडेला दिसते. अनोळखी नाव आलं की लगेच सांगायचं. कंटाळवाणं काम, म्हणून माझ्याकडं. त्या तिघांना दोन मिनिटं यादीकडं बघवत नसे. जहाज निवडायची अक्कल तर नव्हतीच. चाच्याला गाठायचं तर लहान, चपळ जहाज लागतं. यांना हवं मोठं, मांडवाबाहेर मिरवायला उभी केलेली गाडी असते तसं. अण्णानं आठ महिने सगळ्यांना राबवून एक अवाढव्य जहाज बांधलं होतं. त्याला वळायला युग लागायचं. मनातल्या मनात मी त्याला 'आजोबांचं कपाट' म्हणायचे. मनातच — कधी कुणाशी बोलले नाही, कुठं टाइपही केलं नाही.

त्या गेममध्ये जहाज फुटलं की गेलं. परत मिळत नाही.

एका रविवारी दुपारी अण्णा ते बाहेर काढणार होता. "लहान जहाज न्या," मी लिहिलं.

"काजव्याला भीती वाटू लागलीय, अण्णा," तिघांतल्या एकानं लिहिलं.

"काजव्या, जहाज आम्ही बघतो, तू यादी बघ," अण्णा म्हणाला. "तुझ्या भरवशावर जाऊ लागलोय बघ."

चार वाजून गेले आणि आई खोलीत आली. "पाहुणे लौकर आले की गं. ऊठ, साडी आवर, पोहे घेऊन चल."

मला बघायला बेंगळूरूचा एक मुलगा पाचला यायचा होता. आता या चौघांना काय कळवायचं... थांबा, मला दाखवायला नेतायत? 'उठतोय, परत या' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. लाजेनं तेही लिहिलं नाही. टेहळणीवाल्यानं न सांगता जागा सोडायची नाही, हा नियम टोळीत मीच घातला होता.

बैठकीच्या खोलीत अर्धा तास गेला. मुलगा सॉफ्टवेअरमधला. "कॉम्प्युटर येतो का?" त्यानं विचारलं. "थोडा," मी म्हटलं. त्याची आई माझ्या पायांकडं बघत होती, मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. माझ्या खोलीचं दार मला समोरच दिसत होतं. आई, अप्पा, पाहुणे, सगळे माझ्या डोळ्यांसमोर बसलेले. मला भाऊबहीण नाही. आत कुणीही गेलं नाही.

परत येऊन बघते तर चॅटमध्ये माझ्या नावानं तीन ओळी होत्या.

"पाच नावं आली. दोन लहान पुढं, तीन मागं."

"अण्णा, वळा."

"आजोबांचं कपाट आत्ता वळवलं तरच वळेल."

त्याखाली त्या तिघांचा गोंधळ. "आजोबांचं कपाट म्हणे, हलकट." "काजव्या, देव आहेस." आणि अण्णाचं एकच वाक्य: "आठ महिने वाचले."

पाच चाचे खरंच आले होते. दोन लहान जहाजं पुढं, तीन मागं.

मी मूर्ख नाही, सगळं तपासलं. पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. दुसऱ्या मशीनवरून कुणी शिरलं असतं तर माझं लॉगिन तुटलं असतं. ते तुटलेलं नव्हतं. ओळींची वेळ चार बावीस. आमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं, तेही धरलं. त्या वेळी मी हातात पोह्यांची बशी घेऊन उभी होते.

दोन आठवडे कौतुक ऐकलं. दुसऱ्याच्या कामाची शाबासकी घेणाऱ्यांचा मला फार तिटकारा आहे, आणि मी तेच करत होते. शेवटी अण्णाच्या दुकानात फोन केला आणि सगळं सांगितलं. माझा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला.

"मुलगी आहेस होय. असू दे की, त्यात काय," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण तू जागेवर नव्हतीस?"

"नव्हते."

"मग लिहिलं कुणी?"

"माहीत नाही."

"कोण का असंना. त्यानं काम केलं. तू न सांगता उठून गेलीस, पोहे द्यायला."

टेहळणी त्यानं तिघांतल्या एकाकडं दिली, आणि मला 'कधीतरी ये खेळायला' म्हणाला. म्हणजे काय ते मला कळलं. मी पुन्हा गेले नाही. महिन्याभरात ते जहाज फुटल्याचं टोळीच्या फोरमवर वाचलं. नवा टेहळणीवाला मॅच बघत बसला होता. या वेळी त्याच्या नावानं कुणी काही लिहिलं नाही.

आत्मा, पितर, सहावं इंद्रिय, यातलं काही मला कळवू नका. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही आणि तुमच्याकडंही नसणार. त्या अर्ध्या तासात माझ्या खुर्चीत जे कुणी होतं, ते माझ्यापेक्षा जबाबदार होतं. भीती मला त्याची कधीच वाटली नाही. राग मात्र अजून येतो.