शनिवारी माझ्या खुर्चीवर कोण होतं?

विलासने मला फसवलं. अकरा वर्षांच्या भागीदाराने, माझ्या पाठीमागे. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील की त्याचा तसा दोष नव्हता. दोष होता.

आता दुसरी गोष्ट. भूत, भास, करणी यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी आला नाही. दहावी पास होऊन मी जहाजावर इंजिन रूममध्ये पुसापुशी करायला लागलो, तिथून वर चढत सिंगापूरला तुआसमध्ये स्वतःचं गोडाऊन उभं केलं... जहाजांचे सुटे भाग पुरवायचं. हे सगळं मी भाव पाडून केलंय. समोरचा म्हणेल ते खरं मानायची मला सवयच नाही.

विलास त्याच जहाजावर थर्ड इंजिनिअर होता. डिग्रीवाला, गोड बोलणारा. पत्रव्यवहार तो बघायचा, भांडणं मी. ओसाकाच्या एका कंपनीने त्यांच्या पंपांची एजन्सी आम्हा दोघांच्या नावे दिली, तेव्हा त्यांचा माणूस आम्हाला कपेज रोडला जेवायला घेऊन गेला.

सॉमरसेटच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून ऑर्चर्ड रोड ओलांडला की ही गल्ली लागते. जुनी दुमजली घरं, शेजारच्या इमारतीत मजल्यावर मजले जपानी बार. कामानिमित्त इथे आलेले जपानी लोक कित्येक वर्षांपासून खायला-प्यायला इथेच येतात. संध्याकाळी कागदी कंदील वगैरे. दुपारी मात्र बिअरचे रिकामे क्रेट आणि मासळीच्या बर्फाचं पाणी. आमचा बार वरच्या मजल्यावर, आठ खुर्च्यांचा. चालवणारी एक म्हातारी जपानी बाई, तिला सगळे मामा म्हणायचे. बाईला मामा म्हणायची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

तिथली पद्धत अशी की गिऱ्हाइकाने अख्खी बाटली विकत घ्यायची, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून ती तिथेच फळीवर ठेवायची आणि पुढच्या वेळी त्यातूनच प्यायची. आमच्या बाटलीवर दोघांची नावं होती. आम्ही ठरवलं होतं, एकट्याने ती उघडायची नाही, आणि धंद्यातली मोठी गोष्ट ठरवायची ती याच बाटलीसमोर.

एक कबुली देतो. विलास हात धुवायला गेला की मी लेबलवर दारूच्या पातळीला बॉलपेनने बारीक रेघ मारायचो आणि शेजारी ‘ज’ काढायचो. जगन्नाथचा ज. मामा बघायची आणि ग्लास पुसत राहायची. विलासला अकरा वर्षांत याचा पत्ता नव्हता.

दुसरी माझी सवय म्हणजे ती वाटी. बसल्या बसल्या तिथे न मागता एक छोटी वाटी पुढे येते. कधी उकडलेल्या शेंगा, कधी लोणचं. बिलात ती धरलेली असते. मी दर वेळी भांडायचो, मागवली नाही तर पैसे का? मामा कपाळाला हात लावायची आणि बिलातून कमी करायची. एकदाही चुकलं नाही.

तर २००६ सालची गोष्ट. शुक्रवारी विलासचा फोन आला, उद्या भेटू का, जरा बोलायचंय. मी म्हटलं, उद्या बायको-मुलीला घेऊन पुलाउ उबीनला जातोय, सोमवारी बोलू. शनिवारी सकाळी टॅम्पिनीसहून निघालो, चांगीहून बोटीने बेटावर. सायकली भाड्याने घेतल्या, भाव पाडून. जेवण झाल्यावर मी झाडाखाली चटईवर आडवा झालो, दीड ते अडीच गाढ झोपलो. बायको शेजारी बसून होती. मुलीच्या कॅमेऱ्यात माझा घोरतानाचा फोटो आहे, वेळेसकट.

सोमवारी विलास गोडाऊनवर आला. हातात मिठाई. वर एक पत्र, ओसाकाहून फॅक्सने आलेलं. एजन्सी यापुढे एकट्या विलासच्या नावे. तारीख आधीच्या गुरुवारची.

मी कॉलर धरली. तो घाबरला नाही, गोंधळला.

“अरे, शनिवारी तूच म्हणालास ना, ने म्हणून?”

“कुठल्या शनिवारी?”

“परवा. मामाकडे. जग्या, थट्टा करू नकोस.”

त्याने जे सांगितलं ते असं. गुरुवारी पत्र आलं आणि त्याची झोप उडाली. मी भेटत नाही म्हटल्यावर शनिवारी दुपारी तो एकटाच कपेज रोडला गेला. दीडच्या सुमाराला मी जिना चढून आलो, माझ्या खुर्चीवर बसलो, बाटली काढायला लावली. त्याने सगळं कबूल केलं. ओसाकावाले माझ्या घासाघिशीला कंटाळलेत, म्हणून त्याने मला न सांगता त्यांना स्वतंत्र पत्र लिहिलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, मला इंग्रजी नीट लिहिता येत नव्हतं तेव्हा जहाजावर तू माझा बढतीचा पहिला अर्ज लिहून दिलास, ते मी विसरलो नाही. ने एजन्सी.

ही अर्जाची गोष्ट खरी आहे. पण ती मला आठवते, हे मी आयुष्यात कधी त्याला बोलून दाखवलेलं नाही.

“आणि त्या रेघा पण दाखवल्यास,” विलास म्हणाला. “अकरा वर्षं माझ्यावर नजर ठेवत होतास, म्हणालास. आता बास, म्हणालास. हसत होतास.”

मी कॉलर सोडली.

मंगळवारी दुपारी एकटा मामाकडे गेलो. मनात होतं की विलासने बाईला फितवलंय. तिने मला बघून चहा ठेवला आणि विचारलं, बरं वाटतंय का आता? मी म्हटलं, मला काय झालं होतं? तिच्या मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “शनिवारी तुम्ही वाटीबद्दल भांडला नाहीत. सगळी संपवलीत, छान झालीय म्हणालात. मी मिस्टर विलासला म्हटलं, हे आजारी आहेत.”

बाटली काढली. माझ्या शेवटच्या रेघेच्या खाली दोन बोटांवर आणखी एक रेघ, शेजारी ज. मी मामाला पेन दिलं, म्हटलं हे काढून दाखव. तिने मनापासून प्रयत्न केला. खेकडा निघाला. विलासचं अक्षर मी ओळखतो, त्याचा ज गोल असतो. हा माझा होता, दांडी अर्धी सोडलेला.

घरी येऊन बायकोला परत परत विचारलं. ती म्हणाली, “अहो, तुम्ही कुठे जाल? माझ्या मांडीला डोकं लागलं होतं.” मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पप्पा, यू स्लेप्ट सो लाँग, लाह.” मग बायको जरा थांबून म्हणाली, “झोपेत हसत होतात मात्र. इतक्या वर्षांत तुमचा चेहरा एवढा शांत पाहिला नव्हता मी.”

याला तीन वर्षं झाली. ओसाकाने काही ऐकलं नाही. विलास अजून दिवाळीला फोन करतो, मी उचलत नाही. तो फसवणारा आहेच, त्याने गुरुवारच्या आधी जे केलं ते केलं. पण त्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्क माझा होता. शिव्या द्यायचा, तोंड न बघायचा, किंवा दहा वर्षं झुलवून मग माफ करायचा... जे काही करायचं ते मी केलं असतं, मी ठरवलेल्या भावाने. कोणीतरी माझ्या खुर्चीवर बसून ते एका दुपारी फुकट देऊन टाकलं. एकदाही घासाघीस न करता.

डॉक्टर झाले, एक मानसशास्त्रवाले झाले. बाटली अजून त्या फळीवर आहे. महिन्यातून एकदा मी जातो आणि रेघ बघून येतो. ती तिथेच आहे, खाली नवी रेघ नाही. म्हणजे तो परत आलेला नाही. तो जो कोणी होता, त्याने यावं. दुपारी यावं, मी असताना, शेजारच्या खुर्चीवर बसावं, आणि मला सांगावं — कोणाला विचारून?