लाइट गेल्यावरचं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अशा गोष्टी मी वाचतही नसे, भीतीमुळे नाही, कंटाळा येतो म्हणून. हीसुद्धा सांगणार नव्हते... पण घरात वहिनीचं नाव कोणी काढत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर सोलापुरात, नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत. अप्पांचा चादरींचा व्यापार. बैठकीत त्यांनी माशांची मोठी काचेची पेटी ठेवली होती – पुण्याहून आणलेले गोल्डफिश, आणि पाण्यात बुडबुडे सोडणारा विजेचा छोटा पंप. व्यापारी आले की अप्पा आधी मासे दाखवत, मग चादरी.

त्या उन्हाळ्यात रोज दुपारी लाइट जायची. पंप बंद पडला की तापलेल्या पाण्यातले मासे वर येऊन तोंडं उघडत. दुकानदाराने उपाय सांगितला होता – पेटीतलंच पाणी तांब्याने काढायचं आणि हात उंच धरून धार सोडायची, म्हणजे हवा मिसळते, पाणी फिरतं. दादा चादरी घेऊन फिरतीवर असायचा, म्हणून ते काम वहिनीकडे आलं. लाइट येईपर्यंत करायचं. वहिनीला दमा होता.

"आत्या, जरा बसू का?" ती आईला विचारायची.

"बस की. मासे मेले की बस," आई म्हणायची. "दुसरे तुझा बाप आणून देईल."

मी करते म्हटलं, तर आई म्हणाली, "तू अभ्यास कर. सासरी गेल्यावर हायेच."

मे महिन्यात वहिनीला धड बोलताही येईना. तिचे वडील येऊन तिला बार्शीला घेऊन गेले. ती रिक्षात बसत असताना आई म्हणाली, "माशांची धाप खरी, हिची सोंगाची."

दुसऱ्या दुपारी लाइट गेली. मी तांब्या घ्यायला उठले... आणि थांबले. वहिनी जिथे धार सोडायची, त्या कोपऱ्यात, वरून धार पडावी तसं पाणी आत दबत होतं. बुडबुडे खाली जात, वर येत. थोडं थांबून पुन्हा तसंच. पंपाची वायर प्लगमधून काढलेली होती. मासे निवांत फिरत होते.

आईने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं की," आणि आत जाऊन आडवी झाली.

मग रोजच तसं होऊ लागलं. अप्पा पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्या पेटीला लाइट लागत नाही."

मैत्रिणीचं निमित्त काढून मी एसटीने बार्शीला गेले. वहिनी उशांना टेकून बसली होती, डोळे मिटलेले. उजवा हात वर जायचा, कलंडायचा, खाली यायचा.

"दुपार झाली की असंच करती बघा," तिची आई म्हणाली. "हात धरला तर रडती."

मी हात धरला. कोरडा होता, पण बोटं धुणं धुतल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. वहिनीने डोळे उघडले.

"वन्सं, लाइट आली का?"

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. पेटी रिकामी करा, मासे देऊन टाका म्हटलं. निदान तिला झोपू तरी द्या.

"आणि आल्यागेल्याला काय दाखवू?" अप्पा म्हणाले.

"तिथं बसून तरी उपयोगाला येतीय की," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात, एका दुपारी, लाइट गेली तेव्हा आम्ही तिघंही बैठकीत होतो. कोपऱ्यातलं पाणी हललं नाही. एकेक मासा वर आला, तोंड उघडू लागला. मला कळलं. आईलाही कळलं असावं – तिने माझ्याकडे न बघता तांब्या पुढे केला.

"काय बघलालीस? घे की."

बार्शीची तार संध्याकाळी आली.

आमच्या सायन्सच्या मॅडम म्हणतात, तापलेलं पाणी आपोआप फिरतं. फिरत असेल. पण त्या दुपारीही ऊन तेवढंच होतं... मग ते का थांबलं?