सोन्याच्या पाटाजवळचा फोटो
बेसमेंटमधून गमबूट काढले, की ओल्या रबराचा वास येतो आणि मी थेट उत्तर कॅनडात, यूकॉनमधल्या नदीकाठच्या, पाणी सोडलेल्या त्या लाकडी पाटाजवळ जाऊन पोचते. तेव्हा मी नुकतीच युनिव्हर्सिटीत गेले होते. आमची क्रूझ एक दिवस बंदरात थांबणार होती; तिथून यूकॉनमध्ये वेगवेगळ्या सहली जायच्या. बाबांना रेल्वेची सफर हवी होती, भावाला झिपलाइन, मला तिथल्या मूळ रहिवाशांचं म्हणणं ऐकायचं होतं. आईने सोनं चाळायची सहल निवडली, कारण तीच एक चौघांनी मिळून करायची होती. गमबूट घालून पाटातल्या बर्फगार पाण्यात तिघं परातीतली वाळू हलवू लागली. सोनं सापडायची हमी होती, कारण गाइडच आधी चिमूटभर टाकून ठेवायचा. मी म्हटलं, "हमी देऊन सापडतं ते सोनं नव्हे, जाहिरात! सोन्यासाठी ज्यांना या नदीवरून हाकललं, त्यांच्या नावाची साधी पाटीही नाही इथे." भाऊ म्हणाला, "कॅन यू स्टॉप, जस्ट फॉर वन डे?" बाबा मान वर न करता म्हणाले, "सभा संपली असेल तर या, मॅडम." आईने चौथी प्लास्टिकची परात पुढे केली. "चाळू नकोस. नुसती उभी राहा गं आमच्यात." मी गेले नाही. मग गाइडने फोटो काढायला आईचा फोन माझ्याच हातात दिला. नदीबद्दल मी तेव्हा बरोबर होते, आजही आहे. तो फोटो सरे शहरातल्या आईबाबांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. पाहुणे विचारतात, "मुलगी कुठेय यात?" आई म्हणते, "अहो, तिनेच तर काढलाय." फोटोत तिच्या शेजारच्या रिकाम्या जागी चौथी परात पाण्यावर तरंगते आहे.