कोणता ढीग चुलीकडे

हरणदोडीचा वेल मोडला की कच्चा, हिरवा, जिभेच्या मुळाशी कडवट उतरणारा वास सुटतो. आमच्या घरात तो वास सासूबाईंच्या हातांचा होता. नांदूरघाटकडच्या आमच्या शेताच्या बांधावरून मी वेल ओढून आणी आणि त्या ओसरीवर बसून निवडत. कोवळे शेंडे भाजीसाठी एका बाजूला. जून देठ आणि जोडीने लटकणाऱ्या विषारी शेंगा उकिरड्यासाठी दुसऱ्या बाजूला. मी हात लावायला गेले की म्हणत, "ठेव तिकडं. तू तर भाकर बी पुस्तकात बघून थापशील."

यंदा त्यांना विसर पडू लागला. बोटांना नव्हे, नख अजून नेमक्या पेरावर टेके. ढीगही दोनच पडत, अगदी निर्मळ. फक्त त्यातला कोणता चुलीकडे न्यायचा, हे त्यांना आठवेनासे झाले. एके दिवशी मला शाळेतून यायला उशीर झाला, तेव्हा कढईत शेंगा शिजल्या होत्या. माझ्या यजमानांनी चार घास खाल्ले आणि दिवेलागणीपर्यंत त्यांना उलट्या होत राहिल्या.

"ऊन लागलंय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "लई ऊन हाय."

उकिरड्यावर कोवळे शेंडे सुकत पडले होते.

मग त्या हात धुवायला उठल्या की मी शेंड्यांचा ढीग गुपचूप आत नेऊ लागले. शाळेत शेवटचा तास शिकवताना माझे अर्धे मन ओसरीवर असे. वेल आणायचेच थांबवून पाहिले, तर रिकामे सूप मांडीवर घेऊन त्या विचारत, "आज वेल न्हाई आणला? कावून?" पुन्हा आणू लागले. पण सतत डोळा ठेवण्याचा शीण झोपेनेही उतरत नाही. तो पापण्यांच्या आत वाळूसारखा खुपत राहतो.

एका दुपारी दारातून आत येते तो त्या पदरात शेंगा घेऊन चुलीपाशी उभ्या. सबब शोधण्याइतकेही त्राण माझ्यात उरले नव्हते. पदर हळूच रिकामा करून घेतला.

"आत्या, या शेंगा आहेत. उद्यापासून निवडायचं मी बघते."

लग्न होऊन आल्यापासून माझे एकही वाक्य त्यांनी टोमण्यावाचून जाऊ दिले नव्हते. मी टोमण्याची वाट पाहत उभी राहिले. मनातून तो हवाच होता.

त्यांनी शेंगांकडे पाहिले, मग माझ्याकडे. चुलीपुढची जागा सोडून त्या भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या,

"बरं."