‘पाँडर’ म्हणजे तोलणे

नागपूर अजून राजधानी होतं तेव्हा मी तिथल्या महाल भागात एका भाड्याच्या खोलीत राहून कॉलेजात इंग्रजी शिकत होतो. खोलीत मी आणि एक जाडजूड डिक्शनरी. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं नसे, मग मी शब्दांची कुळं काढत बसे.

त्या दिवाळीनंतर आई गेली. खाप्याला, आमच्या गावी, बाबा एकटे उरले. आम्ही विणकर. बाबा मागावर विणायचे आणि आई शेजारी चरख्यावर त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. दोन माणसांशिवाय माग चालतच नसे. तेराव्याला बाबांनी विचारलं, “येतं का गा घरी परत?”

“विचार करतो,” मी म्हणालो.

खोलीवर येऊन डिक्शनरी उघडली. पाँडर, म्हणजे खोल विचार करणे. मूळ लॅटिन, अर्थ तोलणे. मला फार बरं वाटलं. आपण तोलतो आहोत, असं मी होळीपर्यंत स्वतःला समजावत राहिलो. खरं सांगतो, मी काडीचंही तोललं नव्हतं. न परतायचं केव्हाच ठरलं होतं, बाबांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

होळीला गेलो. गल्लीत आमच्या मागाचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. वाटलं, माझी चाहूल लागली. कसली चाहूल! बाबा मागावरून उतरून, आईच्या जागेवर बसून, स्वतःच कांड्या भरत होते.

त्यांना उठवलं आणि दोन दिवस मान मोडून टोपलीभर कांड्या भरल्या. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की लॅटिनमध्ये विचार करणं म्हणजे तोलणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“मंग? ठरलं का काही?”

“अजून तोलून राहिलो, बाबा.”

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात, मला झाली नाही. त्यांना झाली असेल असं मात्र मी खुशाल धरून चाललो.

काही वर्षांनी ते गेले. घर आवरताना मागाजवळ ती टोपली दिसली, फडक्यानं झाकलेली. माझ्या कांड्या सगळ्या तशाच. सूत ओढलं तर हातात तुटलं.

शेजारची काकू दारात उभी होती. “त्या कांड्याइले तुये बाबा कोनाले हात लावू नाही देत होते,” ती म्हणाली. “पोरगं येईन तवा लागतीन म्हने. अजून तोलून राहिलं म्हने ते.”