रेघेवरचा विटोमिर

विटोमिरचं काम एवढंच, की जगातल्या मोठमोठ्या टेनिस मैदानांवर वाकून उभं राहायचं. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढं, नजर पांढऱ्या रेघेवर. चेंडू रेघेबाहेर पडला की आडवा हात करून बोंब ठोकायची, आत पडला की तोंड मिटून घ्यायचं. आमच्या ड्रेनोवोत माणसं आपलं काही गेलं की बोंबलतात आणि दुसऱ्याचं गेलं की तोंड मिटतात. असल्या गावातला माणूस या कामाला कसा लागला, याचं अख्ख्या पंचक्रोशीला नवल होतं.

तालुक्याच्या क्लबात तो आधी लाल मातीवर रूळ फिरवायचा. एकदा सामन्याच्या दिवशी रेघेवरचा पंच पिऊन आला आणि रेघेवरच बसला. त्याला उचलून विटोमिरला उभं केलं. नजर घारीची निघाली. मग बेलग्रेडला परीक्षा दिली, पास झाला आणि गडी जगभर फिरायला लागला. जानेवारीत मेलबर्नच्या उन्हात भाजायचं, मार्चात अमेरिकेच्या वाळवंटात, वसंतात रोम-पॅरिसच्या लाल मातीत, मग लंडनच्या हिरवळीवर, पुढं न्यूयॉर्क, शांघाय. नोव्हेंबरात टेनिसचं वर्ष संपलं की घरी. मधे कधी चार दिवस उगवला तर कपडे धुवायला टाकायचा आणि पुन्हा निघायचा.

सामना असला की गाव माझ्या गुत्त्यावर जमायचं. टीव्हीवर खेळाडू तोंडाकडून दिसायचे, विटोमिर मागून. कॅमेरा त्याच्या पाठीमागं असायचा आणि तो वाकलेला. गर्दीत चारपाच पंच असले तरी त्याची बायको देसांका खात्रीनं बोट ठेवायची.

"ह्योच. असलं ढुंगण दुसऱ्या कुणाचं न्हाई."

बघून बघून गावाला टेनिस चढलं. ज्यानं उभ्या जन्मात रॅकेट हातात धरली नाही, तोही सर्व्हिस कशी टाकावी ते सांगायचा. सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे ओब्रेन. टीव्हीसमोरची खुर्ची त्याची. खेळाडू चुकला की तो हळहळायचा, "कोपर वर पायजे व्हतं," आणि स्वतःच्या कोपरानं शेजाऱ्याचा ग्लास पाडायचा.

हा ओब्रेन विटोमिरचा शेजारी. दोघांच्या रानात एक बांध, आणि बांधालगत विटोमिरच्या आजानं लावलेली आलुबुखारांची रांग. देसांकाची वर्षाची राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, त्या रांगेवर. आमच्याकडं ज्याच्या घरात राकिया नाही त्याच्या घरी पाहुणा टेकत नाही, तेव्हा झाडं गेली म्हणजे नुसती फळं गेली असं नव्हे. दोघांच्या बापांनी या बांधापायी एकमेकांची डोकी फोडली होती. पुढं विटोमिरचं लग्न ठरलं तेव्हा पाद्रीबाबांनी तोडगा काढला: ओब्रेनलाच कुम कर. कुम म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहणारा, पुढं पोरांना नाव ठेवणारा. सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं, कुमाला नाही. वर देव आणि खाली कुम, अशी म्हणच आहे. पाद्रीबाबांना वाटलं भांडण मिटलं. ओब्रेनला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतो.

आमच्या गावाची एक रीत आहे. एका स्लावापासून पुढच्या स्लावापर्यंत ज्याचा नांगर झाडांच्या पलीकडून फिरला आणि घरधन्यानं बांधावर उभं राहून त्याला हटकलं नाही, त्याची ती झाडं. स्लावा म्हणजे घरच्या संताचा सण; विटोमिरचा येतो नोव्हेंबरात. हटकायचं ते घरधन्यानं. बाई कितीही ओरडली तरी ते धरत नाहीत.

आणि घरधनी तर मेलबर्नला.

त्या वर्षी जानेवारीत ओब्रेननं बांधाचा दगड उपटला. पाणी तुंबतंय म्हणाला. देसांकानं सकाळी धार काढता काढता नवऱ्याला फोन लावला.

"त्यानं दगड हलवला."

"किती?"

"किती काय इचारतोस? पार न्हाईसाच केला."

"आलो की बगतो. आत्ता फायनल हाय."

एप्रिलात ओब्रेनचा ट्रॅक्टर झाडांच्या पलीकडून, म्हणजे विटोमिरच्या रानातनं फिरला. जून-जुलैत विटोमिर लंडनला हिरवळीवर उडणारी पांढरी भुकटी निरखत होता, तेव्हा ओब्रेननं झाडांच्या बुंध्यांना आपला गवताचा भारा टेकवला. सप्टेंबरात विटोमिर न्यूयॉर्कला आणि ओब्रेन फांदीवर. त्यानं रांग झोडपली, भट्टी लावली आणि पहिल्या धारेची एक बाटली देसांकाला नेऊन दिली.

"घ्या कुमाबाई. कुमाला इसरत न्हाई आपन."

देसांकानं बाटली घेतली, त्याच्या देखत वास घेतला आणि म्हणाली, "वळखीचा वास हाय."

गावानं तिची बाजू घ्यायला हवी होती, पण गाव विटोमिरवर रुसलं होतं. कारण रोम. मे महिन्यात आपल्या देशाचा गडी तिथं खेळत होता. ऐन मोक्याला त्याचा चेंडू विटोमिरच्या रेघेजवळ पडला आणि विटोमिरनं हात आडवा केला. मोठा पंच उंच खुर्चीवरनं खाली उतरला, मातीतला डाग बघितला आणि मान डोलावली. बाहेर. आपला गडी हरला. माझ्या गुत्त्यावर स्मशान झालं.

"डाग भाईर व्हता खरा," मी म्हणालो.

"त्यो डाग इटालियन व्हता," ओब्रेन म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. पुढं महिनाभर देसांकाला दुकानात कुणी रामराम घातला नाही.

ऑक्टोबरात शांघायहून विटोमिरचा फोन आला, या खेपेला त्यानंच केलेला. पुढच्या सालापासून जवळजवळ सगळीकडं रेघा यंत्र बघणार. कॅमेरे बोलणार. माणसं नकोत.

"बरं झालं," देसांका म्हणाली. "हितं एक रेघ मोकळीच पडलीय. ये."

तो आला तो वाळलेला, उन्हानं अर्धा काळा. पण बांधावर काही गेला नाही. आज थकवा, उद्या पाऊस, परवा बॅगा. देसांकाला कारण कळत होतं, मलाही कळत होतं. कुमाला तोंडावर चोर म्हणायचं म्हणजे वरच्याला शिवी दिल्यासारखं. इकडं स्लावा उंबऱ्यावर आला.

स्लावाला आमंत्रण नसतं, ज्याला यायचं तो येतो. घरधनी त्या दिवशी बसत नाही. उभ्यानं वाढतो आणि कुणाला वाकडं बोलत नाही. ओब्रेन कुम म्हणून टेबलाच्या डोक्याशी बसला. गव्हाचा प्रसाद झाला, कोबीच्या पानातला सारमा झाला, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी त्यानं शोधून शोधून खाल्ली आणि ओठ पुसून भर पंगतीत बोलला.

"कुमा, लोकं मागनं कायबाय बोलत्यात. मला चोर म्हनून मरायचं न्हाई. तू जगाच्या रेघा बगितल्यास. उद्या सकाळी बांधावर ये आन तूच सांग, माझा नांगर आत का भाईर. तू म्हनशील ते मान्य. मुदत सनाच्या पुढं एक दिस वाढवून दिली."

माणूस मोठा बेरकी. दगड गेला, बारा महिने जमीन पालथी झाली. आणि विटोमिर आपल्या माणसासाठीसुद्धा न बघितलेलं सांगणार नाही, हे रोमलाच सिद्ध झालं होतं. विटोमिर हातात ताट धरून उभा. सणाच्या दिवशी नाही म्हणता येईना. म्हणाला, "येतो."

सकाळी सगळं गाव बांधावर. मीही गुत्ता बंद ठेवून गेलो. ओब्रेननं आपल्या हद्दीची खुंटी ठोकून ठेवली होती, झाडांच्या चांगली पलीकडं, विटोमिरच्या रानात. विटोमिर तिच्यामागं गेला, पाय फाकले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकला. टीव्हीवर दिसायचा तसाच. नांगरटीवर कावळे चरत होते. बराच वेळ तो तसा राहिला. मग त्यानं दोन्ही हात उचलले आणि स्वतःचे डोळे झाकून घेतले.

त्यांच्या खेळात ही खूण आहे. रेघेवरच्याला चेंडू दिसलाच नाही, मधे काही आलं, तर तो डोळे झाकतो. म्हणजे मी सांगू शकत नाही. गुत्त्यावर आम्ही ती कैक वेळा बघितली होती.

"संपलं," ओब्रेन हात झटकत म्हणाला. "घरधन्यानं हटकलं न्हाई. समद्यांनी बगितलं. झाडं आपली."

विटोमिरनं हात खाली घेतले नाहीत. देसांकानं त्याच्याकडं एकदा बघितलं, घागरा आवळला आणि ओब्रेनच्याच ट्रॅक्टरवर चढली. सीटवर उभी राहिली.

"कुमाबाई, खाली उतरा. बायामानसांचं हटकनं धरत न्हाईत."

"हटकाया कोन चढलंय? मी इचारते तेवढं सांगा. रेघेवरल्यानं डोळं झाकलं की निकाल कुनाचा?"

तिनं ओब्रेनकडं बोट केलं.

"तू सांग की, ओब्रेन. तुला तर समदं टेनिस कळतं. कोपर वर पायजे का खाली, ते सुदिक."

लोक त्याच्याकडं बघायला लागले. माहीत नाही म्हणावं, तर इतकी वर्षं पहिल्या खुर्चीत बसून काय बघितलं? आम्हीही त्याच माळेतले मणी. गावात टेनिस न कळणारा असा एकही जण उरला नव्हता.

"उंच खुर्चीवरल्याचा," तो पुटपुटला.

"आन हितं उंचावर कोन हाय?"

मागून कुणीतरी हसलं. ओब्रेननं मान वळवून बघितलं, तोवर सगळेच हसायला लागले होते.

देसांकानं हात आडवा केला. "आऊट," म्हणाली. "तुजा नांगर आऊट, तुजी खुंटी आऊट. रेघ तितं हाय." आणि बोट दाखवलं झाडांच्या पलीकडं, ओब्रेनच्या रानात, जरा जास्तच आत.

आता विटोमिरनं डोळे उघडले. त्यानं तिच्या बोटाकडं बघितलं, मग जमिनीकडं. बांध गेला तरी बांधाखालची माती मुरलेली असते, नांगरली तरी वेगळी ढेकळं काढते. मी जवळच उभा होतो, मलाही ती पट्टी दिसली. देसांकाची रेघ पट्टीच्या चांगली एक ढांग पुढं होती. ओब्रेनलाही ते दिसलं.

"कुमा," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चावटपणा नव्हता. "आता तरी तुला दिसतंय न्हवं? खरं सांग."

विटोमिरचा उजवा हात खांद्यापर्यंत उठला. रोमला उठला होता तसा. देसांका ट्रॅक्टरवरनं त्याच्याकडं बघत होती. हात तिथंच थांबला, मग त्यानं त्या हातानं मानेमागं खाजवलं.

"खुर्चीनं सांगितल्यावर," तो म्हणाला, "रेघेवरल्यानं बोलायचं नसतं."

ओब्रेननं खुंटी उपटली. देसांकानं बोट काही खाली घेतलं नाही, म्हणून तिथं जाऊन ठोकली, आणि ट्रॅक्टरपाशी येऊन ती उतरायची वाट बघत उभा राहिला. ती सावकाश उतरली.

आलुबुखारांची रांग घरी राहिली. पुढच्या सालची राकिया बरी उतरली आणि ओब्रेन ती प्यायला येतो. कुम आहे, त्याला येऊ नको कोण म्हणणार. फक्त त्या जास्तीच्या ढांगभर तुकड्यात विटोमिरनं आजवर नांगर घातलेला नाही. ओब्रेनही घालत नाही. तिथं गुडघाभर गवत माजलं. देसांकानं दोन हंगाम वाट बघितली, मग खुंटीला शेळी बांधली.