दातेकाकांचा गुलाबी नकाशा

कशावरूनही वाद निघाला की दातेकाका ओरडायचे, "नकाशा आणा!" विषय युद्धाचा असो, नाहीतर टोकियोतल्या आमच्या निशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानात या आठवड्यात कढीपत्ता का आला नाही याचा असो. मग टेबलावरचे चहाचे कप बाजूला व्हायचे, एक कप आफ्रिकेवर वजन म्हणून राहायचा आणि काका चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवायला लागायचे.

नकाशा म्हणजे त्यांचा जाडजूड जुना ॲटलास. तरुणपणी रशियन शिकायला ते दोन वर्षं मॉस्कोत होते, तेव्हा घेतलेला. पुढे पुण्यात त्यांनी जन्मभर रशियनच शिकवली. नव्वद दिवसांच्या व्हिसावर मुलीकडे येताना या माणसाने भाजणी आणि मेतकूट घरी ठेवलं आणि हा चार किलोचा ठोकळा आणला. "बाबा, अहो, फोनमध्ये नकाशा असतो!" मंजिरी कळवळली. "फोनवर कोपर टेकता येत नाही," काका म्हणाले.

चौथ्या मजल्यावर मंजिरीचं दार माझ्या दारासमोर. मी घरून काम करते, त्यामुळे सकाळचं जागतिक बुलेटिन ऐकायला हक्काची श्रोती मीच. "हे बघ," काका सुरू करायचे, "रशिया म्हणतो, माझ्या अंगणाच्या कडेला परकं सैन्य नको. पाश्चात्त्य म्हणतात, शेजाऱ्यांनी कोणाशी सोयरीक करायची ते शेजारी ठरवतील. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे."

"आणि शेजाऱ्यांचं काय?"

"शेजारी सापडतात मध्ये!" हे ते इतक्या चवीने म्हणायचे की माझं डोकंच फिरायचं. रशियाकडे त्यांचा कल होता हे उघड होतं. ज्या देशात वयाच्या बाविसाव्या वर्षी कोणीतरी आपल्याला टोपी विणून दिली, त्या देशाला वाईट म्हणणं त्यांना जमत नव्हतं. टोपी विणणारीचं नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मंजिरीसमोर मीही खोदून विचारलं नाही.

आमच्या इमारतीत कचऱ्याची पाळी असते. ज्या घराची पाळी, त्यांनी आठ वाजता खाली जाऊन कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी घालायची, कोणी चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवली तर ती बाजूला काढायची आणि गाडी गेली की फरशी धुवायची. मंजिरीची पाळी काकांनी हौसेने घेतली. जाळी हातात घेऊन ते असे उभे राहायचे की कावळे सोडाच, माणसंही बिचकायची.

तिथे त्यांना हालिना-सान, म्हणजे इथल्या आदराच्या बोलीत हालिनाबाई, भेटल्या. सत्तरीच्या बाई, युक्रेनच्या. त्यांची मुलगी इथल्या जपानी माणसाशी लग्न करून दुसऱ्या मजल्यावर राहते. युद्धात घर पडल्यावर तिने आईला इकडे आणलं. बाई पिशवीशी पुटपुटत होत्या, आणि काकांच्या कानांना तो सूर ओळखीचा वाटला. झालं! जाळी टाकून काका अस्सल रशियनमध्ये म्हणाले, "नमस्कार! आपण कुठल्या?"

बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि मिटला. त्या जपानीत म्हणाल्या, "समजत नाही," आणि निघून गेल्या.

काका तडक माझ्याकडे. "खोटं बोलली! समजलं तिला, मी डोळ्यांत पाहिलं."

"काका, ज्यांनी घर पाडलं त्यांची भाषा ती. कशाला बोलेल?"

"भाषेने काय केलंय? भाषा काय बॉम्ब टाकते?" पण त्यांचा आवाज खाली आला होता. नव्वद दिवसांत रशियन बोलायला मिळालेलं एकुलतं एक माणूस त्यांना 'समजत नाही' म्हणालं होतं. हे त्यांना फार लागलं.

दुसरा कोणी गप्प बसला असता. काकांनी शोध लावला की बाई गुरुवारी परदेशी लोकांच्या जपानी वर्गाला जातात, आणि त्यांनीही नाव घातलं. सोबत म्हणून मला ओढलं. वर्गाच्या शिक्षिकेने जोडीदार बनवलं या दोघांनाच. "रविवारी काय केलं?" काकांनी वहीत बघत विचारलं.

"बटाटे," हालिना-सान म्हणाल्या. "खाल्ले."

"मीसुद्धा. बटाटे."

"चांगलं."

एका भाषेत रात्रभर भांडू शकतील अशी ही दोन माणसं चाळीस शब्दांच्या जपानीत बटाट्यावर अडली होती. मला हसू आवरेना. पण पुढच्या गुरुवारी बटाट्याला कांदा जोडला गेला, त्याच्या पुढच्या गुरुवारी नातू आणि गुडघेदुखी. काका घरी येऊन शब्द पाठ करायचे. मंजिरी म्हणाली, "बाबा माझ्या बारावीच्या वेळीही इतके जागरूक नव्हते."

आणि मग काकांनी घोळ घातला. जायला दहा दिवस राहिले, तेव्हा ते ॲटलास घेऊन वर्गाला आले. पान उघडून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जपानीत विचारलं, "तुमचं घर, कुठे?"

पान जुन्या सोव्हिएत संघाचं, सगळं एका गुलाबी रंगाचं होतं. हालिना-साननी बोट ठेवलं, नदीवरून खाली नेलं, परत वर आणलं. आपला देश कुठे सुरू होतो ते त्या शोधत होत्या. त्या नकाशात तो सुरूच होत नव्हता. त्यांनी ॲटलास हळूच मिटला, काकांच्या पुढ्यात सरकवला आणि वर्ग अर्धा टाकून गेल्या.

माणूस इतका मूर्ख कसा असू शकतो, असं मी मनात म्हटलं. तोंडावर म्हणायची गरज पडली नाही. रस्ताभर काकाच म्हणत होते, "पन्नास वर्षं हे पान बघतोय गं. मला तिथे कोणी राहतं हे दिसलंच नाही."

चार दिवस बुलेटिन बंद. पाचव्या दिवशी रद्दीचा वार होता. काकांनी ॲटलासला इथल्या नियमाप्रमाणे आडवी-उभी सुतळी बांधली आणि खाली नेऊन ठेवला. मंजिरी म्हणाली, "बाबा, अहो, नका!" त्यांनी ऐकलं नाही. पण त्या आठवड्याची पाळी होती दुसऱ्या मजल्याची, हालिना-सानच्या घरची.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो तेव्हा बेल वाजली. दारात हालिना-सान, काखेत ॲटलास. "हे," त्या जपानीत म्हणाल्या, "कचरा नाही. चूक दिवस, चूक पिशवी."

टेबलावर त्यांनीच सुतळी सोडली आणि ते पान उघडलं. गुलाबी रंगावर निळ्या बॉलपेनाने जाड रेघ मारली होती, दोनदा-तीनदा गिरवून. फक्त आपल्या देशाभोवती नव्हे. वरचे तीन चिमुकले शेजारी, खाली डोंगरातला एक, सगळ्यांना त्यांनी आपापलं कुंपण घालून दिलं होतं. नदीकाठी एक घर काढलं होतं, शेजारी झाड. मग त्या खुर्चीत बसल्या, काकांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच रशियनमध्ये दोन शब्द बोलल्या. मला नंतर काकांनी अर्थ सांगितला: "आता विचारा."

दातेकाकांनी विचारलं, "आपण कुठल्या?" जपानीत. आणि त्या दुपारपर्यंत रशियनमध्ये सांगत राहिल्या. काका एकदाही मध्ये बोलले नाहीत. असं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मंजिरीने तीनदा चहा केला.

पुण्याला जाताना काकांच्या सामानात चार किलो जागा होती. ॲटलास दुसऱ्या मजल्यावर राहिला. परवा व्हिडिओ कॉलवर माझा नवरा तावातावाने म्हणाला, "काका, रशिया म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे की नाही?" मी कान टवकारले. आता गर्जना येणार!

"नकाशा माझ्याकडे नाही रे," काका म्हणाले. "दोन मजले खाली उतर आणि तिला विचार. जाताना बटाटे घेऊन जा."